पुपिल्लाचा तिसरा अर्थ

आमच्या कार्यालयात मी बावीस वर्षं स्वल्पविराम बघतो आहे. त्यात काय एवढं बघायचं, असं म्हणणारे लोक मला बसच्या रांगेत भेटतात, न्हाव्याकडे भेटतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. आम्ही परभाषांतल्या शब्दांचा व्युत्पत्तिकोश काढतो. शब्द मुळात कुठला, घरातून कधी निघाला, वाटेत त्याचं काय काय झालं, ही सगळी चौकशी विद्वान मंडळी करतात आणि मी त्यांचे स्वल्पविराम जागेवर बसवतो. आजवर कोशाचे सहा खंड निघाले. सहाही खंडांत माझी म्हणावी अशी एक ओळ नाही. ओळींमधली टिंबं आणि शेपट्या तेवढ्या माझ्या.

तर एका सोमवारी मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्य संपादक. त्या आत बोलावतात तेव्हा माणूस जाता जाता शर्ट खोचून घेतो.

"आपले लॅटिनवाले आजारी आहेत," बाई म्हणाल्या. "'प'मधला एक शब्द राहिलाय. पुपिल्ला. महिनाअखेरीला खंड छापायला जातो. तुम्हाला लॅटिन येतं ना?"

येतं म्हणजे काय, एका जुन्या पुस्तकावरून आठ वर्षं माझं मीच शिकलो आहे. जी भाषा बोलायला जगात कुणी शिल्लक नाही तीच नेमकी तुम्हाला जमते, असं बायको म्हणते. पण बाईंना हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी "येतं" म्हणालो आणि बाहेर येऊन शिपायाकडून पाणी मागून घेतलं.

शब्द मोठा गोड निघाला. लॅटिनमध्ये पूपा म्हणजे मुलगी, आणि बाहुलीही. त्या लोकांना एखाद्या गोष्टीवर माया दाटून आली की ते शब्दाला एक शेपूट लावून ती गोष्ट लहान करून टाकत. पूपाची झाली पुपिल्ला. म्हणजे छोटी मुलगी, छोटीशी बाहुली. हा पहिला अर्थ. दुसरा अर्थ, आईबाप नसलेली, दुसऱ्या कुणाच्या पालकत्वाखाली वाढणारी मुलगी. आणि तिसरा, डोळ्याच्या मधोमध असतो तो काळा ठिपका. कारण काय, तर दुसऱ्याच्या डोळ्यात अगदी जवळून वाकून पाहिलं की त्या ठिपक्यात आपलीच आकृती दिसते, बाहुलीसारखी इवलीशी. आपणही त्या ठिपक्याला बाहुलीच म्हणतो की! तो दोन हजार वर्षांपूर्वीचा लॅटिन माणूस आणि माझी पणजी यांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण दोघांनीही कधीतरी कुणाच्या तरी डोळ्यात वाकून बघितलं असणार. मला इतकं भरून आलं की माझा चहा निवून गेला.

आता आमच्या कार्यालयाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. प्रत्येक अर्थाला एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर अर्थ आणि खाली उदाहरणाचं वाक्य. वाक्य मनानं रचलेलं चालत नाही. कुणीतरी खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलं लागतं, आणि कोण बोललं, कधी बोललं, ते खाली लिहावं लागतं. शिवाय नियम अकरा असा आहे की जी गोष्ट डोळ्यांनी बघता येण्यासारखी आहे ती नोंद लिहिणाऱ्यानं स्वतः बघितलेली पाहिजे. मग चिठ्ठीवर 'पडताळले' असा शिक्का बसतो. हा शिक्का पडताळणी विभागाच्या प्रमुखांकडे असतो. विभागात ते एकटेच आहेत. त्यांचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही. आम्ही त्यांना पडताळे म्हणतो आणि तेही फोन उचलून "पडताळे बोलतोय" असंच सांगतात.

या पडताळ्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलेलं आहे. 'मस्क्युलस' म्हणजे मुळात छोटा उंदीर. दंडाचा स्नायू कातडीखाली उंदरासारखा पळतो म्हणून त्याला ते नाव. ती नोंद लिहिणाऱ्या विद्वानांना पडताळ्यांनी भर कचेरीत बाही वर करायला लावली होती. विद्वानांच्या दंडात उंदीर काही निघाला नाही. शेवटी शिपायाचा दंड चालवून घेतला.

माझ्या पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर शिक्का बसला. तिसरी परत आली.

"दुसऱ्याच्या डोळ्यात आपली आकृती दिसते, असं लिहिलंय तुम्ही," पडताळे म्हणाले. "तुम्हाला दिसली?"

"ग्रंथात दिलंय."

"ग्रंथाला नाही विचारत. तुम्हाला विचारतोय. कुणाच्या डोळ्यात दिसली?"

मी चिठ्ठी उचलली. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात कुणाच्या डोळ्यात इतक्या जवळून बघायची वेळ आली नव्हती, आणि आली असली तरी तेव्हा मी कोशात नोंदवण्यासारखं काही बघत नव्हतो.

घरी आम्ही तिघं. मी, बायको आणि आई. बायको शाळेत भूगोल शिकवते आणि आई आम्हा दोघांना बाकीचं सगळं शिकवते. त्या संध्याकाळी बायको टेबलापाशी उत्तरपत्रिका तपासत बसली होती. मी समोर खुर्ची ओढली.

"अगं, जरा माझ्याकडे बघ."

"काय फोडलंत?"

"काही नाही फोडलं. नुसतं बघ."

तिनं बघितलं. तिच्या चष्म्याच्या काचेत मला ट्यूबलाइट दिसली, पंखा दिसला, मागचं कॅलेंडरसुद्धा दिसलं. मी कुठेच नव्हतो. "चष्मा काढ," मी म्हणालो आणि आणखी जवळ सरकलो.

"अहो, वय काय आपलं! आई आत आहेत!" असं म्हणून ती जी हसायला लागली ती थांबेचना. हसली की तिचे डोळे अगदी मिटून जातात. मला ते लग्नाआधीपासून आवडतं, पण कोशाच्या कामाला त्याचा काही उपयोग नव्हता.

मग मी आतल्या खोलीत गेलो. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. "आई, तुझ्या डोळ्यात जरा बघू दे."

"माझ्या डोळ्यात काय ठेवलंय?" असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "एकोणऐंशी वर्षांचे जुने डोळे. बाहेर एवढं जग पडलंय, तिकडे बघ. आणि पेपर आण, बातम्या राहिल्यात."

हा आमचा रोजचा कार्यक्रम होता. दीड वर्षापूर्वी आई एकदा म्हणाली, "तूच वाचून दाखव. तुझा आवाज बरा आहे." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला पेपर वाचून दाखवत होतो. आवाजाबद्दल मला कुणी चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी घसा साफ करून, थांबायचं तिथं थांबून, मंत्र्यांची वाक्यं जरा वरच्या पट्टीत घेऊन वाचत असे. निधनवार्ता तेवढ्या गाळत असे, कारण तिच्या ओळखीचं कुणी निघालं की ती जेवत नाही.

दोन दिवसांत सगळ्या इमारतीला माझी अडचण कळली, म्हणजे बायकोनं हसत हसत एकीला सांगितली. मग सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणालं, बॅटरी मारून बघा. कुणी म्हणालं, सकाळी उपाशीपोटी बघा. वरच्या मजल्यावर एक निवृत्त तिकीट तपासनीस राहतात. ते स्वतः खाली आले. "माझ्या डोळ्यात बघा," ते म्हणाले. "तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मी कधी पापणी हलवलेली नाही."

आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. मी बाहुलीकडे लक्ष लावायचा प्रयत्न केला, पण अर्ध्या मिनिटात माझ्या कपाळाला घाम फुटला आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला. मी दोन्ही खिसे चाचपले, पाकीट काढलं, पाकिटातले कागद काढले. तपासनीस समाधानानं हसले. "बघा," ते म्हणाले, "अजून धार आहे." बाहुलीचं आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्या खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होत्या, डोळे अगदी स्थिर. शास्त्राच्या दृष्टीनं इतकी चांगली संधी पुन्हा आली नसती, म्हणून मी खिडकीतून जरासा आत वाकलो. त्यांनी वर पाहिलं. पुढचं मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली की कोणत्याही रहिवाशाने जिन्यात, आवारात वा खिडकीतून कोणाकडेही विनाकारण टक लावून पाहू नये. त्या सूचनेत दोन स्वल्पविराम चुकले होते. मला राहवलं नाही, मी लाल पेननं ते सुधारले. सूचना कुणाला उद्देशून आहे याबद्दल ज्यांना शंका होती त्यांचीही त्यामुळे फिटली.

शेवटी म्हटलं, पुरे झाली ही शोभा, सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात जावं. तिथं लोकांचा धंदाच तो. नेत्ररुग्णालयाच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "काय बघायचंय?"

"बाहुली," मी म्हणालो.

त्यानं कागदावर काहीतरी खरडलं आणि मला चार नंबरच्या बाकावर बसवलं. बाकावर सगळे माना मागे टाकून, डोळे मिटून बसले होते. मी त्यांचे डोळे उघडायची वाट बघत होतो, तेवढ्यात नर्स आली आणि तिनं माझं डोकं मागे ढकलून एका डोळ्यात थेंब टाकले.

"अहो, मी पेशंट नाही!"

"सगळे तेच म्हणतात," ती म्हणाली आणि दुसऱ्या डोळ्यात टाकले. दहा मिनिटांनी आली, पुन्हा टाकले. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा. मी माझं म्हणणं तिन्ही वेळा मांडलं. आमच्या कार्यालयात तक्रारीला उत्तर मिळत नाही, हे मला माहीत होतं. इथंही तीच पद्धत दिसली.

डॉक्टरांनी यंत्राला माझी हनुवटी टेकवली, भगभगीत दिवा लावला आणि म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. बाहुल्या छान मोठ्या झाल्यात."

"त्यात तुम्ही दिसताय का, डॉक्टर? इवलेसे?"

डॉक्टरांनी दिवा विझवला. "दिवसाला शंभर डोळे बघतो मी," ते म्हणाले. "त्यात स्वतःला बघत बसलो तर कसं व्हायचं? चार-पाच तास जवळचं दिसणार नाही. वाचू नका. पुढचा!"

जवळचं दिसणार नाही हे खरं होतं, पण लांबचंही ऊन पडल्यासारखं पांढरं झालं होतं. बसचा नंबर दिसेना. दोघांना विचारून, एकाच्या पायावर पाय देऊन, मी कसाबसा घरी आलो. दार आईनं उघडलं.

"आई, मला काही दिसत नाहीये."

"थांब, हलू नकोस," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम शांत झाला होता. "चप्पल तिथंच काढ, पण भिंतीला लावून. आता डावा हात भिंतीवर ठेव आणि सात पावलं टाक. आठवं नको, तिथं स्टूल आहे. तोंडावर हवा लागली का? ती खिडकी. खिडकीकडे पाठ कर आणि बस."

मी बसलो. खुर्ची बरोबर खाली होती. "वा!" मी म्हणालो. "तुला पावलंसुद्धा पाठ आहेत?"

"घर माझं आहे," आई म्हणाली आणि चहा ओतायला गेली. कपाजवळ कान नेऊन ती चहा ओतत असल्यासारखं मला वाटलं. पण त्या दिवशी मला काहीही दिसत होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आज बातम्या नाहीत."

"आज तू वाच की मला. रोज मी वाचतो."

तिनं कप बाजूला सरकवला. मग कागदाची सळसळ ऐकू आली. "वाचते," ती म्हणाली. आणि तिनं वाचायला सुरुवात केली. पाणीकपात रद्द झाली होती. नदीवरचा नवा पूल ठरल्या दिवशी पुरा झाला होता. एका बसवाहकानं सापडलेली पिशवी शोधून शोधून मालकिणीच्या घरी नेऊन दिली होती आणि मालकिणीनं त्याला जेवायला बसवलं होतं. शिक्षकांच्या मागण्या मान्य झाल्या होत्या. मी खुर्चीत पाय पसरून ऐकत होतो. इतक्या चांगल्या बातम्या एका दिवशी कधी आल्याचं मला आठवत नव्हतं. आणि वाचन तरी काय! कुठे अडखळणं नाही, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही.

तेवढ्यात बायको शाळेतून आली. दारातच थबकली. शिक्षकांच्या मागण्यांचं तिनं ऐकलं असावं.

"आई," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ते पडद्यांच्या सेलचं पत्रक आहे."

आईनं पत्रकाची नीट घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. "हो का?" ती म्हणाली. "मग पेपर कुठाय?"

पेपर तिच्या शेजारीच होता.

सकाळी माझं औषध उतरलं. मी आईला खिडकीपाशी उजेडात बसवलं. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. आठ दिवस मी जे साऱ्या इमारतीत शोधत होतो ते तिच्या डोळ्यात वाकून शोधलं. मी तिथं नव्हतो. काळा ठिपकाच नव्हता. त्या जागी राखाडी पांढुरकं काहीतरी पसरलं होतं, उजव्या डोळ्यात जास्त.

"दिसतोस का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मलाही तू दिसत नाहीस रे," आई म्हणाली. "दीड वर्ष झालं. आवाजावर भागवतेय."

दुसऱ्याचा स्वल्पविराम अर्ध्या अक्षरानं सरकला तरी मला झोप येत नाही, आणि माझ्या घरात, रोज तासभर माझ्यासमोर बसणाऱ्या माझ्या आईला दिसत नव्हतं, ते मला दीड वर्षं कळलं नाही. मला फार लाज वाटली. रडलोही, सांगायला हरकत नाही. तिनं पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ऊठ, कचेरीला उशीर होईल." माझ्या आवाजाबद्दल मी त्या वेळी काही विचारलं नाही. माणसानं एका सकाळी किती सोसायचं?

त्याच डॉक्टरांनी तिला तपासलं. मोतीबिंदू. उजवा पिकून कडक व्हायला आला होता; आणखी वाट बघितली तर अवघड जाईल, डोळा कायमचा जायचीही भीती, म्हणाले. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि "नाही" म्हणाली. घरी आल्यावरही नाही. बायकोनं समजावलं, नाही. वरचे तपासनीस येऊन डोळा भिडवून बसले, पण आईला तो दिसतच नव्हता, त्यामुळे त्यांचाही इलाज चालला नाही.

"माझ्या आत्याचं केलं होतं," ती शेवटी बोलली. "डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठ दिवस निजवली होती. मान हलवायची नाही, हसायचं नाही, शिंकायचं नाही. मी सात वर्षांची होते. मी तिला हसवलं म्हणून मला मार बसला."

"आता तसं नसतं, आई. वीस मिनिटांचं काम आहे. पण तू आधी बोलली का नाहीस?"

"एकदा दिसत नाही म्हटलं की तुम्ही मला बसवून ठेवणार. गॅसजवळ जाऊ नको, जिना उतरू नको. बसून बसून माणूस खुर्चीतलं गाठोडं होतं." आणि ती पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली. शर्टाच्या बाह्या बरोबर मागे जात होत्या.

इकडे महिना संपत आला होता. मी बाईंकडे जाऊन म्हणालो, तिसरा अर्थ गाळूया. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अर्धी नोंद मी छापत नाही," त्या म्हणाल्या. "मंगळवारपर्यंत चिठ्ठी आली नाही तर शब्दच गाळू."

त्या संध्याकाळी मी पेपर वाचायला बसलो, पण आवाज लागेना.

"नोंदीचं काय झालं?" आईनं विचारलं.

"गाळतायत."

"का?"

"ज्यात मी दिसेन असा एक डोळा मिळाला नाही. लोक हसतात, नाहीतर पळतात."

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "त्या डॉक्टरला फोन कर. शुक्रवारी करतो का विचार."

"आई, माझ्या नोंदीसाठी नको हं. खरंच नको."

"तुझ्या नोंदीसाठी कोण करतंय? बावीस वर्षांत तुला एक ओळ मिळाली, ती मला माझ्या डोळ्यांनी वाचायचीय. तू वाचून दाखवलेली नकोय. तू आपल्याला हवं तेवढंच वाचतोस." तिनं बोट उगारलं. "वाळूच्या पिशव्या मात्र लावू देणार नाही, सांगून ठेवते."

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं त्याच चार नंबरच्या बाकावर बसलो. नर्सनं मला ओळखलं आणि सवयीनं बाटली माझ्याकडे वळवली; बायकोनं तिचा हात धरला म्हणून वाचलो. आईला हिरवा झगा घातला होता. त्यात ती एवढीशी दिसत होती. तिनं माझा हात घट्ट धरला होता, तिची बोटं गार पडली होती. मला आईची भीती तोवर कधी दिसली नव्हती.

"वाच काहीतरी," ती म्हणाली.

पेपर घरीच राहिला होता. मी मोकळे हात समोर धरले आणि घसा साफ केला. "पाणीकपात रद्द," मी म्हणालो. "नवा पूल वेळेत पूर्ण. शिक्षकांच्या मागण्या—"

"पडद्यांचा सेल लागलाय का बघ," आई म्हणाली. आणि आम्ही तिघंही इतके हसलो की नर्सनं दटावलं. हसतच ती आत गेली.

वीस मिनिटं म्हणाले होते, बावीस लागली. बाहेर आली ती डोळ्यावर पट्टी आणि चेहऱ्यावर किंचित नाराजी घेऊन. "पिशव्या नव्हत्या," ती म्हणाली. "गाणी लावली होती. आणि तो डॉक्टर बरोबरीनं गुणगुणत होता."

शनिवारी सकाळी पट्टी काढली. आईनं दोनदा पापणी मिटली, उघडली. आधी नर्सकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग बायकोकडे. "ही साडी चांगली आहे की," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि बघतच राहिली.

"अरे, तुझे केस?"

"गेले."

"कधी?"

"हळूहळू."

"मला कुणी सांगितलं नाही," आई म्हणाली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, जणू उरलेले मोजत होती. मग तिनं चेहरा उजेडाकडे केला आणि डोळा मोठा केला. "बघ आता. आणि पटकन बघ, पाणी येतंय."

मी वाकलो. डोळा लाल होता, पण मधोमध काळा ठिपका होता, स्वच्छ, चांगला मोठा. आणि त्यात एक टकलू, चष्मेवाला, वाकून बघणारा माणूस होता. त्याच्यामागे खिडकी, खिडकीत उजेड. सगळं मिळून तांदळाच्या दाण्याएवढं.

"दिसलास?"

"दिसलो."

"केवढा?"

"एवढासा आहे, आई."

तिनं मान हलवली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "त्या बाहुलीत तू तेवढाच आहेस अजून."

मी खिशातून चिठ्ठी काढली आणि गुडघ्यावर ठेवून ते वाक्य लिहून घेतलं. अक्षर फार वाईट आलं.

सोमवारी पडताळ्यांनी चिठ्ठी वाचली. खाली मी नियमाप्रमाणे लिहिलं होतं, बोलणारी आई, वय एकोणऐंशी, नेत्ररुग्णालय, शनिवार, सकाळ. त्यांनी ती दुसऱ्यांदा वाचली.

"खरंच असं बोलल्या?"

"खरंच."

"आणि तुम्ही बघितलं."

"बघितलं."

त्यांना शिक्का सापडायला वेळ लागला, जरी तो त्यांच्या पुढ्यातच होता. शिक्का मारून चिठ्ठी परत देताना ते म्हणाले, "किती जवळ जावं लागतं हो?"

"वीतभर," मी म्हणालो.

खंड तीन महिन्यांनी आला. तोवर आईचा दुसराही डोळा झाला होता आणि वाचायचा चष्माही आला होता. मी पान उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि उभा राहिलो. तिनं ओळीखाली बोट धरून नोंद वाचली, एकदा, मग पुन्हा एकदा. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

"छान लिहिलंस," ती म्हणाली. "दुसऱ्या अर्थात एक स्वल्पविराम राहिलाय."

मी पान ओढून घेतलं. राहिला होता. बायको पुन्हा डोळे मिटून हसायला लागली.

मग आईनं त्या दिवसाचा पेपर उचलला, सरळ शेवटून दुसरं पान उघडलं आणि बराच वेळ वाचत बसली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिलो. आता संध्याकाळी मला काही काम उरलेलं नव्हतं, आणि ते मला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

"निधनवार्ता येतात म्हणजे अजून," ती म्हणाली.

मी खुर्ची जरा मागे सरकवली.

"दीड वर्षात या शहरात एक माणूस मेला नाही, तेव्हाच मला संशय आला होता." तिनं पेपराची घडी घातली, माझ्या हातात दिली, चष्मा काढून ठेवला आणि मागे टेकून बसली. "चल, वाच. आवाज तुझा बेताचाच आहे, कधीचं सांगायचं होतं. पण वाच. आणि काही गाळू नकोस."

मी घसा साफ केला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.